रॉबर्ट बर्न्स : नांगराच्या मुठीमागचा कवि

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांचे ग्रंथ, त्यांचे पराक्रम आणि त्यांस मिळालेला मान यांकडेच पाहतों. तो पुरुष ज्या घरांत वाढला त्या घरच्या चुलीवर कोणतें भांडें लटकत होतें, कोणत्या अवजारानें त्याच्या तळहातास घट्टे पडले, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. स्कॉटलंडचा राष्ट्रकवि रॉबर्ट बर्न्स याचें चरित्र मात्र या चौकशीवांचून नीट समजणें कठीण आहे. नांगराचा फाळ, विळा, चुलीवरचा तवा, घोड्याचा नाल अशा साध्या लोखंडी वस्तूंच्या संगतींत त्याचा जन्म गेला. त्यांनींच त्याला अन्न दिलें, काव्याचे विषय दिले, आणि अखेरीस त्याचें शरीरही त्यांनींच झिजविलें. म्हणून आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस हें चरित्र त्या वस्तूंच्या अनुरोधानें सांगण्याचें योजिलें आहे.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागांत समुद्रकांठीं एअर नांवाचें शहर आहे. त्याच्या दक्षिणेस सुमारें दोन मैलांवर अ‍ॅलोवे हें खेडें लागतें. तेथें ता. २५ जानेवारी १७५९ रोजीं रॉबर्टचा जन्म झाला. त्याचा बाप विल्यम बर्नेस हा मूळचा देशाच्या ईशान्य भागांतील किंकार्डिन परगण्याचा. पोटासाठीं दक्षिणेकडे येऊन तो माळीकाम करूं लागला होता. मातीच्या भिंतींचें, गवतानें शाकारलेलें घर त्यानें स्वतःच्या हातांनीं उभारिलें. मूल थोड्याच दिवसांचें झालें होतें तोंच एका वादळी रात्रीं त्या घराची आढ्याकडील भिंत ढासळली, आणि बाळबाळंतिणीला शेजाऱ्याच्या घरीं न्यावें लागलें. बापानें भिंत पुन्हां बांधली. संकट आलें कीं हूं कीं चूं न करितां पुन्हां कामास लागावें, हा त्या कुळाचा धर्मच होता.

त्या काळच्या स्कॉच शेतकऱ्याच्या घरांत लोखंडी वस्तु मोजक्याच असत, आणि म्हणूनच त्यांचें मोल फार असे. चुलीच्या वर एक लोखंडी सांखळी व तिला आंकडा असे. त्या आंकड्यास तीन पायांचा हंडा अडकवून त्यांत ओट नांवाच्या धान्याची पेज शिजवीत. त्याच धान्याच्या पिठाची भाकरी भाजण्यास एक सपाट, वाटोळा तवा असे. आपल्याकडील तव्याहून त्याचा भेद एवढाच कीं, त्याला वरून अर्धवर्तुळाकार कडी असे व ती सांखळीस अडकवून तो जाळावर टांगीत. उजेडासाठीं लोखंडी दिवा असे. पानाच्या आकाराच्या दोन उथळ पणत्या, एकीखालीं एक, अशी त्याची घडण. वरच्या पणतींत माशाचें तेल व लव्हाळ्याच्या गाभ्याची वात. खालच्या पणतींत थेंब थेंब गळणारें तेल सांचून राही, म्हणजे तें पुन्हां वापरतां येई. वरची पणती एका खांचेदार पट्टीवर टांगलेली असल्यामुळें तेल उतरूं लागलें कीं ती पुढें कलती करीत आणि शेवटचा थेंबही वातीस पोंचे. गरिबाच्या घरीं कांहींच वायां जाऊं द्यावयाचें नाहीं, हा धडा तो दिवाच रोज शिकवीत असे.

अशा चुलीपाशीं रॉबर्टचें पहिलें शिक्षण झालें. त्याची आई अ‍ॅग्नेस हिला लिहितां येत नव्हतें; परंतु जुनीं लोकगीतें तिला मुखोद्गत होतीं व काम करतांना ती तीं गात असे. बेटी डेव्हिडसन नांवाची एक नात्यांतली म्हातारी घरीं येऊन राही, ती भुतांच्या, चेटकिणींच्या व मंतरलेल्या जागांच्या गोष्टी सांगे. आईचीं गाणीं आणि बेटीच्या गोष्टी मुलाच्या मनांत खोल रुजल्या, आणि पुढें दोहोंचेंही पीक आलें.

बापाला मात्र एवढ्यावर समाधान नव्हतें. आपल्या मुलांस लिहिणें-वाचणें व नीतीचे विचार चांगले यावे अशी त्याची तळमळ होती. १७६५ सालीं त्यानें चार शेजाऱ्यांस बरोबर घेऊन जॉन मर्डाक नांवाच्या अठरा वर्षांच्या तरुण शिक्षकास गांवीं आणिलें. त्याचा पगार सर्वांनीं मिळून द्यावा व त्यानें पाळीपाळीनें एकेकाच्या घरीं राहावें, असा ठराव झाला. पांच गरीब कुटुंबांनीं पोटास चिमटा घेऊन चालविलेली ही शाळा! मर्डाक शब्दांचे अर्थ बारकाईनें शिकवी, पद्याचें गद्य करावयास लावी आणि वाक्यांतील प्रत्येक शब्दाचें काम काय तें विचारी. शाळा फार वर्षें टिकली नाहीं; तो निघून गेल्यावर बापानें स्वतः दिवसभराच्या कष्टानंतर दिव्याच्या उजेडांत मुलांस शिकविण्याचा क्रम चालू ठेविला. इतिहास, भूगोल, धर्म अशा विषयांवरील पुस्तकें तो उसनीं आणी. या घरांतलीं मुलें एका हातांत चमचा व एका हातांत पुस्तक धरून जेवीत, असें त्यांस पाहिलेले लोक सांगत.

१७६६ सालीं विल्यमनें मौंट ऑलिफंट नांवाचें सुमारें ७० एकरांचें शेत खंडानें घेतलें, आणि येथून कुटुंबाच्या हालांस प्रारंभ झाला. जमीन निकस, खंड जबर, आणि गडीमाणूस ठेवण्यास पैसा नाहीं. घरांत वर्षानुवर्षें मांस विकत आणलें जात नसे. तेराव्या वर्षीं रॉबर्ट खळ्यांत कणसें झोडपूं लागला. पंधराव्या वर्षीं तर शेतावरचा मुख्य गडी तोच झाला. मोठ्या माणसाच्या बेताचा नांगर कोंवळ्या खांद्यांनीं रेटावा लागे. संध्याकाळीं त्याचें डोकें दुखे. पुढें पुढें रात्रीं छातींत धडधड होऊन जीव घाबरा होई. खंडाची बाकी थकली म्हणजे जमीनदाराच्या कारभाऱ्याचीं धमकीचीं पत्रें येत आणि तीं वाचून सारें घर रडे. तो अपमान रॉबर्ट जन्मभर विसरला नाहीं.

येथें त्या काळच्या नांगराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जुना स्कॉच नांगर जवळजवळ सगळाच लांकडी असे. लोखंड तें काय पुढें जमीन चिरणारी सुरी आणि तळाशीं फाळ, एवढेंच. तो इतका जड असे कीं त्याला चार किंवा त्याहूनही अधिक जनावरें जुंपावीं लागत. एकानें मुठी धराव्या व दुसऱ्यानें जनावरें हांकावीं, अशी दोन माणसें लागत. फाळ व सुरी बोथट झाली कीं तीं काढून लोहाराकडे न्यावीं लागत. तेथें भात्याच्या वाऱ्यानें कोळसे फुलत, ऐरणीवर घण पडे, आणि गांवची बातमीही त्याच जागीं घडविली जाई. बर्न्सच्या बालपणींच बर्विकशायरमध्यें जेम्स स्मॉल नांवाच्या कारागिरानें हलका व सुधारलेला नांगर सिद्ध केला. माती पालथी घालणाऱ्या त्याच्या फळीस त्यानें असा बांक दिला कीं दोन घोडे व एक माणूस यांनीं काम भागूं लागलें. पुढें ती फळी ओतीव लोखंडाचीही होऊं लागली. बर्न्स जन्मला त्याच १७५९ सालीं कॅरन येथें स्कॉटलंडचा प्रसिद्ध लोखंडाचा कारखाना स्थापन झाला होता. सारांश, जुनें लांकडी युग सरत होतें व लोखंडाचें नवें युग येत होतें. परंतु नवें अवजार विकत घेण्याची ऐपत ज्यांस नव्हती त्यांस जुनेंच ओझें ओढावें लागत होतें. बर्न्सचें घर अशांपैकीं होतें.

तथापि या रगाड्यांतही विद्येची ओढ सुटली नाहीं. १७७३ सालीं मर्डाक मास्तर एअर येथें शिकवीत असतां बापानें रॉबर्टला तीन आठवडे त्याच्याकडे धाडिलें. पहिला आठवडा इंग्रजी व्याकरणांत गेला, इतक्यांत कापणीचा हंगाम आला आणि मुलाला पुस्तक मिटून हातांत विळा घ्यावा लागला. कापणी उरकल्यावर उरलेले दोन आठवडे तो पुन्हां गेला व तेवढ्यांत त्यानें फ्रेंच भाषेचा श्रीगणेशा केला. दुसऱ्या एका हंगामांत कापणी करतांना शेजारीं एक मुलगी गोड आवाजांत गात असे. तिच्या चालीवर बसेल असें पद त्यानें रचिलें. तेंच त्याचें पहिलें कवित्व. पुढें १७७५ सालीं कर्कोस्वल्ड येथें राहून तो जमीनमोजणीचें गणित शिकला.

१७७७ सालीं कुटुंब लॉखली या १३० एकरांच्या शेतावर राहावयास गेलें. खंड एकरीं वीस शिलिंग, म्हणजे वर्षाला १३० पौंड. जमीन दलदलीची. चार पैसे अधिक मिळावे म्हणून रॉबर्ट १७८१ सालीं अर्व्हिन या बंदराच्या गांवीं जवसाच्या झाडाचे तंतु काढण्याचा धंदा शिकण्यास गेला. या धंद्यांतलें मुख्य अवजार म्हणजे लांकडी पाटावर टोकदार लोखंडी दांत्यांच्या ओळी बसविलेली मोठी फणी. कुजवून व कुटून मऊ केलेल्या काड्यांच्या जुड्या त्या दांत्यांतून पुनःपुन्हां ओढावयाच्या, म्हणजे कोंडा झडून लांब तंतु मोकळे होतात. कोंदट जागा, नाकातोंडांत जाणारी धूळ आणि एकटेपणा यांनीं रॉबर्ट आजारी पडला. तशांत नव्या वर्षाच्या रात्रीं चाललेल्या जल्लोषांत दुकानाला आग लागली व सारें भस्म झालें. तो रिकाम्या हातांनीं घरीं परतला.

घरीं तरी काय होतें? जमीनदाराशीं हिशेबाचा वाद होऊन प्रकरण एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें होतें. १७८४ च्या जानेवारींत निकाल विल्यमच्या बाजूनें लागला; परंतु तोंवर तो पार खंगला होता. ता. १३ फेब्रुवारी १७८४ रोजीं त्यानें देह ठेविला. अ‍ॅलोवेच्या जुन्या देवळाच्या आवारांत त्याचें दफन झालें. या बापानें मुलांस धन ठेविलें नाहीं. पण वाचण्याची संवय व कोणापुढें खालीं न झुकणारी मान, हीं दोन्ही ठेविलीं.

बापाच्या मागें रॉबर्ट व त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट यांनीं मॉखलिन गांवाजवळ मॉसगील नांवाचें ११८ एकरांचें शेत ९० पौंड खंडानें घेतलें. घरच्या प्रत्येकास त्याच्या कामाचा ठराविक मेहनताना लावून दिला होता. दोघां भावांचा वाटा वर्षाला सात सात पौंड. रॉबर्टचा खर्च तेवढ्याच्या बाहेर कधीं गेला नाहीं, अशी साक्ष गिल्बर्टनें दिली आहे. दिवसां नांगराच्या मुठी धरून चालतांना तो मनांत ओळी जुळवी आणि रात्रीं माळ्यावरच्या लहानशा मेजापाशीं बसून त्या उतरून काढी.

१७८५ च्या नोव्हेंबरांत घडलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. तो शेत नांगरीत असतां फाळाच्या तडाख्यानें एका उंदरीचें बीळ उलथून पडलें. हिंवाळ्यासाठीं काडी काडी गोळा करून तिनें केलेलें घर क्षणांत मोडलें, आणि तो इवलासा जीव जिवाच्या आकांतानें पळूं लागला. नांगराची माती खरडण्यासाठीं टोकाला लोखंडी पातें बसविलेली एक काठी नांगऱ्याजवळ असे. घोडे हांकणारा मुलगा ती उगारून उंदरीमागें धांवला. बर्न्सनें त्याला हांक मारून थांबविलें, त्या प्राण्यानें तुझें काय बिघडविलें आहे असें विचारिलें, आणि मग बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. त्या रात्रीं त्यानें त्या मुलास उठवून नवी कविता वाचून दाखविली, अशी हकीकत त्याच मुलानें म्हातारपणीं सांगितली. त्या कवितेंत कवि उंदरीची क्षमा मागतो व तिला आपली सहचरी म्हणतो. खंडाच्या धास्तीनें ज्याचें घर वारंवार हादरलें होतें, त्यालाच उलथलेल्या बिळाचें दुःख कळलें. पुढच्या एप्रिलांत त्याच नांगराखालीं एक रानफूल चिरडलें, त्यावरही त्यानें कविता केली. फाळ तर हजारों शेतकऱ्यांच्या हातीं होता; फाळाखालीं काय सांपडतें तें पाहण्यासाठीं थांबणारा एकच निघाला.

त्याच्या विनोदाचा मासला पाहावयाचा असल्यास १७८६ च्या फेब्रुवारींतील एक पद्य पाहावें. त्या वेळीं सरकारनें घोडे, गाड्या व नोकर यांवर कर बसविला होता व प्रत्येकानें आपली यादी द्यावी असा हुकूम निघाला होता. बर्न्सनें ती यादी कवितेंतच लिहून पाठविली. तींत नांगराचे चार घोडे, कोण डावीकडे चालतो, कोण सरींत चालतो, त्यांच्या गुणदोषांसह वर्णिले आहेत. यावरून त्याचा नांगर चार घोड्यांचा, जुन्या पद्धतीचाच होता हें दिसतें. तीन गाड्या सांगितल्यावर एका जुन्या एकचाकी हातगाडीची पाळी येते. तिचा एक पाय व दोन्ही दांडे मोडले आहेत. तिच्या आंसाची त्यानें विस्तव सारण्याची सळई केली आहे, आणि चाक म्हाताऱ्या आईनें चुलींत घातलें आहे! वाचणारा हंसतो, पण मोडक्या वस्तूचें लोखंड दुसऱ्या कामास लावणारें गरिबाघरचें शहाणपणही त्याला दिसतें. नोकर म्हणून तीन खोडकर पोरें सांगितलीं आहेत: एक घोडे हांकणारा, एक मळणी करणारा व एक गुरें राखणारा. रविवारीं रात्रीं आपण त्यांस धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारतों, आणि सर्वांत लहानग्यालाही कठीण उत्तरें येऊं लागलीं आहेत, असें तो अभिमानानें नमूद करितो.

याच वर्षीं त्याच्यावर अनेक संकटें कोसळलीं. शेत पिकेना, जीन आर्मर या मुलीशीं त्याचा संबंध जुळला असतां तिच्या बापानें त्याला दाराबाहेर केलें. बर्न्सच्या वर्तनांत दोष होते आणि त्यांचें दुःख त्याच्याबरोबर इतरांसही भोगावें लागलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. देश सोडून जमेका बेटांत एका ऊंसाच्या मळ्यावर कारकून म्हणून जाण्याचें त्यानें ठरविलें. ते मळे गुलामांच्या श्रमांवर चालत. अन्यायाची एवढी चीड असलेल्या माणसानें ती चाकरी पत्करावी, हा त्याच्या चरित्रांतला मोठा डाग होय. सुदैवानें तसें घडलें नाहीं. ता. ३१ जुलै १७८६ रोजीं किल्मार्नाक गांवीं त्याच्या कवितांचें पुस्तक छापून प्रसिद्ध झालें. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. महिन्याभरांत जवळजवळ सगळ्या प्रती संपल्या. शेतगडी व मोलकरणी यांनीं कपड्यालत्त्यांसाठीं सांठविलेले पैसे खर्चून तें पुस्तक घेतलें, असें सांगतात. कवीच्या हातीं सुमारें २० पौंड आले, आणि जमेकाचें गलबत त्याला न घेतांच निघून गेलें.

नोव्हेंबरांत तो उसन्या घोड्यावर बसून राजधानी एडिंबरो येथें गेला. तेथील विद्वान व सरदार मंडळींनीं त्याला डोक्यावर घेतलें. हा कोणीही न शिकविलेला, केवळ दैवी स्फूर्तीनें गाणारा नांगऱ्या आहे, अशी त्याची ख्याति झाली. ही स्तुति गोड असली तरी खरी नव्हती. पांच घरांनीं मिळून आणलेला मास्तर, दिव्याजवळ बसून शिकविणारा बाप, गाणारी आई आणि वाचून वाचून झिजलेलीं पुस्तकें, यांचें श्रेय त्या स्तुतींत बुडून जात होतें. त्या वेळीं सुमारें सोळा वर्षांचा असलेला वॉल्टर स्कॉट यानें त्याला एका घरीं पाहिलें. त्याच्या मोठ्या, काळ्याभोर, तेजस्वी डोळ्यांचें वर्णन स्कॉटनें पुढें लिहून ठेविलें आहे. १७८७ च्या एप्रिलांत पुस्तकाची दुसरी आवृत्ति निघाली. हातीं आलेल्या पैशांतून सुमारें १८० पौंड त्यानें गिल्बर्टला मॉसगीलचें शेत सांवरण्यासाठीं दिले.

त्याच वर्षीं ऑगस्टांत उत्तरेकडे प्रवास करीत असतां तो कॅरनचा लोखंडाचा कारखाना पाहावयास गेला. पण तो दिवस रविवार होता. दारवानानें आंत सोडलें नाहीं. तेव्हां समोरच्या खानावळीच्या कांचेवर त्यानें कांहीं चेष्टेखोर ओळी कोरून ठेविल्या. या भट्ट्या पाहून नरकाची थोडी ओळख करून घेऊं म्हटलें तर दारच उघडेना, असा त्यांचा भाव होता.

१७८८ सालीं जीन आर्मर हिच्याशीं त्याचा विवाह रीतसर मान्य झाला, आणि त्यानें डम्फ्रीस शहराजवळ निथ नदीच्या तीरीं एलिसलंड हें १७० एकरांचें शेत घेतलें. जागा रम्य, परंतु जमीन दगडाळ. शेतावर भागेना म्हणून १७८९ पासून त्यानें अबकारी खात्यांत वर्षाला ५० पौंडांची नोकरी धरिली. दारूचीं पिंपें, कातडीं, मेणबत्त्या, साबण यांची मोजणी करून कर ठरवावयाचा. त्यासाठीं आठवड्यास कधीं कधीं दोनशें मैलांची घोडदौड. नांगराच्या जागीं मोजपट्टी व शाईची दौत आली. लोकांस हें खातें अप्रिय होतें; पण बायकापोरांचें पोट भरणें हें पहिलें कर्तव्य, असें समजून त्यानें तें काम चोख केलें.

एका हिंवाळ्यांत तो वानलॉकहेड या डोंगरांतील शिशाच्या खाणींच्या गांवीं आला. रस्त्यावर बर्फ गोठून कांच झालेली. घोड्याच्या नालांस टोकें काढून घेतल्यावांचून पुढें जाणें धोक्याचें होतें. परंतु लोहाराकडे कामाची रास पडली होती आणि तो या वाटसरूकडे पाहीना. बर्न्सनें तेथल्या तेथें गांवांतील एका वजनदार गृहस्थास उद्देशून पद्य लिहिलें. सूर्यदेव अपोलो आपल्या उडत्या घोड्यावरून निघाला असतां बर्फावर घोडा घसरूं लागला, म्हणून त्यानें देवांचा लोहार व्हल्कन याच्याकडून नाल करून घेतले व मोबदला म्हणून त्याला एक कविता दिली, अशी त्या पद्याची कल्पना. त्या गृहस्थानें रदबदली केली आणि नालांचें काम तत्काळ झालें. तो लोहार पुढें जन्मभर सांगे कीं, आपल्या कामाची मजुरी पैशानें, पेयानें आणि पद्यानें अशी तिहेरी त्या एकाच दिवशीं मिळाली.

१७९० सालीं त्यानें टॅम ओ' शँटर हें कथाकाव्य लिहिलें. बेटी म्हातारीच्या चेटकिणी, आणि ज्याच्या आवारांत बाप चिरनिद्रा घेत होता तें अ‍ॅलोवेचें पडकें देऊळ, हीं दोन्ही त्यांत अवतरलीं. गंजलेल्या कुऱ्हाडी, तलवारी व फांशीच्या सांखळ्या मांडलेली त्या देवळांतील भयंकर वेदी ज्यानें एकदां वाचली तो ती विसरत नाहीं.

१७९१ सालीं शेत सोडून तो डम्फ्रीस शहरांत राहावयास गेला. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यानें मुख्यतः एका कार्यास वाहिलीं. जुन्या स्कॉच चाली लुप्त होत चालल्या होत्या. कोणाचा एक चरण, कोणाचा अर्धा अंतरा उरला होता. अशीं तुटकीं गाणीं गोळा करून, जोडून, नवीं घालून त्यानें जेम्स जॉन्सन व जॉर्ज टॉमसन यांच्या संग्रहांस दिलीं. एकट्या जॉन्सनच्या संग्रहांतच त्याचीं दीडशेंहून अधिक गाणीं आहेत. जुन्या मैत्रीची आठवण करून देणारें, नव्या वर्षाच्या रात्रीं पृथ्वीच्या अनेक देशांत हातांत हात गुंफून गाइलें जाणारें गीत त्यानेंच या रीतीनें सांवरून दिलें. आईच्या तोंडून फुकट मिळालेलें धन विकावयाचें नाहीं, अशा भावनेनें या कामासाठीं मेहनताना घेण्यास तो नाखूष असे. मोडक्या गाडीच्या आंसाची सळई करणारा हा माणूस मोडक्या गाण्याचीही कांहीं तरी उपयुक्त वस्तु करीत होता.

परंतु बाळपणीं खचलेलें शरीर आतां उत्तर देऊं लागलें. सांधे दुखत, ताप येई, छाती धडधडे. कोंवळ्या वयांतील अतिश्रमांनीं व संधिवाताच्या तापानें त्याचें हृदय बिघडलें असावें, असें आजचे वैद्य मानतात. १७९६ च्या जुलैंत वैद्याच्या सल्ल्यावरून तो सॉल्वेच्या खाडीवर ब्राउ नांवाच्या ठिकाणीं गेला. तेथें एक लोहयुक्त पाण्याचा झरा होता. तें पाणी प्यावें व रोज समुद्राच्या थंड पाण्यांत उभें राहावें, असा उपचार सांगितला होता. लोखंडानें ज्याला लहानपणीं वांकविलें त्याला अखेरच्या दिवसांत लोखंडाचेंच पाणी औषध म्हणून मिळालें; पण उपयोग झाला नाहीं. तेथूनच, कपडे विकणाऱ्या एका दुकानदाराच्या तगाद्यानें व्याकुळ होऊन, त्यानें टॉमसनकडे पांच पौंडांची याचना केली. ते पैसे लगेच आले. ता. २१ जुलै १७९६ रोजीं डम्फ्रीस येथें तो मरण पावला. वय अवघें ३७. ता. २५ रोजीं मोठ्या समुदायासह त्याची अंत्ययात्रा निघाली, आणि त्याच दिवशीं त्याच्या पत्नीस मुलगा झाला.

लोक त्याच्या कुटुंबास विसरले नाहींत. लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनीं १८०० सालीं त्याचे समग्र ग्रंथ चरित्रासह चार भागांत प्रसिद्ध केले व त्याचें उत्पन्न विधवेस व मुलांस मिळालें. जीन १८३४ पर्यंत जगली. विल्यम व जेम्स हे त्याचे दोन मुलगे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांत अधिकारी होऊन हिंदुस्थानांत आले. एवढ्या धाग्यानें तें कुळ आपल्या देशाशीं जोडलें गेलें. बापानें बांधलेल्या मातीच्या घरांत मध्यंतरीं गुत्ता चालत असे. १८८१ सालीं तें स्मारकाच्या विश्वस्तांनीं विकत घेतलें व आजही तें जपून ठेविलेलें आहे. दर वर्षीं २५ जानेवारीच्या रात्रीं स्कॉच लोक जगांत जेथें असतील तेथें एकत्र जेवतात आणि त्याचीं पद्यें म्हणतात.

विद्यार्थिमित्रहो, बर्न्सला जें शिक्षण तुटपुंज्या तुकड्यांनीं मिळालें, एक आठवडा व्याकरणाचा, दोन आठवडे फ्रेंचचे, तें तुम्हांस सलग वर्षानुवर्षें मिळत आहे, याचा विचार करावा. आणि घरीं विळा, कोयता, तवा, ऐरण यांवर ज्यांचीं आईबापें राबतात त्यांनीं त्या वस्तूंची लाज कधींही धरूं नये. त्यांच्याकडे थांबून पाहण्यास शिकावें. पालकांसही या चरित्रांतून एक सूचना आहे. विल्यम बर्नेसनें मुलासाठीं मास्तर आणिला हें त्याचें केवढें तरी पुण्य! परंतु दारिद्र्यानें त्याच मुलाच्या तेराव्या वर्षीं त्याच्या हातीं मोठ्या माणसाचें अवजार दिलें, आणि त्याची किंमत साऱ्या देशाला एका कवीच्या अर्ध्या आयुष्यानें द्यावी लागली. मुलाच्या हातीं काम अवश्य द्यावें; मात्र तें त्याच्या खांद्याला पेलेल एवढेंच असावें.